आषाढाचा वारा आणि माझी निळी ओढणी

पुण्यात मी गोल्फ शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो. चपला साध्या दिसल्या की त्याचा विरस होतो. मग तो विचारतो, "म्हणजे ते काठीने चेंडू मारतात, तेच ना?" हो, तेच. "मग त्यात शिकवायचं काय?" हा प्रश्न मला सदाशिव पेठेतल्या सख्ख्या मावशीपासून धायरीतल्या गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. उत्तर द्यायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. पण या अंकाच्या संपादकांनी लेखच मागितला, तेव्हा म्हटलं, सगळ्यांना मिळून एकदाच सांगून टाकू. ज्यांना वाचून राग येईल त्यांच्यासाठी अंकात पाककृतीही आहेत.

मी मुळात शाळेत खेळ शिकवणारी बाई. बॅडमिंटनवाली. एका उन्हाळी शिबिरासाठी शाळेने मला धायरीच्या पुढच्या गोल्फच्या मैदानावर मुलं घेऊन पाठवलं, आणि मुलं परत गेली तरी मी गेले नाही. मधलं सगळं गाळते. शिकले, खेळले, दोनचार कप घरी आणले, मग शिकवायला लागले. एवढंच.

बॅडमिंटनमध्ये खिडक्या बंद करून खेळतात. जरा झुळूक आली की शटलचं फूल भलतीकडे जातं आणि खेळाडू पंचांकडे बघतो. गोल्फमध्ये कोणाकडे बघणार? आमचं मैदान उघड्या माळावर आहे. पश्चिमेला सिंहगडाचा डोंगर, त्याच्या बाजूने खडकवासल्याकडून वारा येतो, आणि ज्येष्ठ संपून आषाढ लागला की तो दिवसभर थांबत नाही. छत्री उघडली की ती उलटी होते. झेंड्यांच्या काठ्या वाकतात. असल्या दिवसांत बहुतेक सभासद क्लबहाउसमध्ये बसून कांदाभजी खातात आणि वाऱ्याला नावं ठेवतात. मी त्याच दिवसांत वर्ग घेत असे. बायकांचा वर्ग, आषाढाचा. त्या वर्गाची ही गोष्ट आहे.

आधी वाऱ्यात कसं खेळायचं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

वारा समोरून असला की माणसाला वाटतं, जोरात मारू. हिंजवडीचा असो नाहीतर हडपसरचा, प्रत्येकाला हेच वाटतं. आणि हीच चूक. जोरात मारलं की चेंडू स्वतःभोवती उलटा जास्त फिरतो. उलटा फिरणारा चेंडू वाऱ्यात वर वर चढत जातो, वर जाऊन जागच्या जागी उभा राहिल्यासारखा दिसतो, आणि मग मारणाऱ्याच्या जवळच कुठेतरी येऊन पडतो. जितका राग तितका चेंडू जवळ. मी शिकवते ते उलटं आहे. आमच्या लोखंडी काठ्यांना नंबर असतात. नंबर लहान तसा चेंडू खालून आणि लांब जातो. तेव्हा नेहमी सात नंबर घेत असाल तर पाच घ्या. काठी दोन बोटं खाली धरा. चेंडू जरा उजव्या पायाकडे ठेवा. आणि मग पाऊण ताकदीने, शांतपणे मारा, हात छातीच्या वर न्यायचे नाहीत. चेंडू वाऱ्याच्या खालून सरपटल्यासारखा निघून जातो.

वारा पाठीमागून असला की लोक खूश होतात. तेही चूक. मागच्या वाऱ्यात चेंडू लांब जातो, पण खाली पडल्यावर थांबत नाही. त्याला ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या त्या गुळगुळीत हिरवळीच्या, आधीच टाकायचा आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. बाजूचा वारा असेल तर झेंड्याकडे नाही, वाऱ्याच्या अंगाला नेम धरायचा, वारा आणून देतो. ग्रीनवर पाय फाकून, गुडघे वाकवून, गिरणीत दळण उचलायला उभं राहतो तसं घट्ट उभं राहायचं. फटका चुकला तरी चालेल, माणूस हलता कामा नये.

हे सगळं तासाभरात सांगून होतं. ते अंगात यायला मात्र दोन आषाढ लागतात. कारण वारा समोर उभा असताना हळू मारायचं हे मनाला पटतच नाही. माझ्याकडे एक बिल्डर यायचे. चांगला माणूस, पण वाऱ्याने चेंडू फिरवला की चेहरा लालबुंद. एकदा मला म्हणाले, "बाई, या बाजूला झाडांची एक भिंतच लावून टाकू का? खर्च माझा." मी म्हटलं, "लावा. मग मी काय शिकवू?" त्यांनी झाडं लावली नाहीत. त्यांच्या धंद्यातल्या दुसऱ्या कोणीतरी मात्र मैदानाच्या पश्चिमेला तीन टोलेजंग इमारती उभ्या केल्या.

आणि तिथून सगळं बिघडलं.

इतकी वर्षं मला हा वारा तोंडपाठ होता. दुसऱ्या होलवर समोरून, पाचव्यावर डावीकडून, नवव्यावर पाठीवर. डोळे मिटून सांगितलं असतं. त्या इमारती उभ्या राहिल्या आणि वारा त्यांच्यावर आपटून फुटायला लागला. दोन इमारतींच्या फटीतून जोरात शिरायचा, तिसरीला वळसा घालून उलटा यायचा. झेंडा एक सांगायचा, झाडाचा शेंडा भलतंच सांगायचा. आमच्या क्लबचे सेक्रेटरी देवस्थळी मला म्हणाले, "आगाशेबाई, आपला वारा आता राहिला नाही. आता आपण काय शिकवणार?" हे ते हसत म्हणाले. पुण्यात माणूस हसत म्हणाला की समजावं, मनापासून म्हणतोय.

देवस्थळींची ओळख करून देते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, इस्त्रीची पँट, पाठीचा कणा सरळ, नियमांचं पुस्तक पाठ. माणूस खोटा नाही. पण नियम हा त्यांच्यासाठी जेवणातल्या मिठासारखा नाही, तेच त्यांचं जेवण आहे.

मला त्यांचं बोलणं लागलं. खोटं कशाला सांगू, खूप लागलं. सहासष्टाव्या वर्षी माणसाला सांगतात, तुमचं सामान जुनं झालं. मी घरी गेले, कपाट उघडलं, दोन जुन्या साड्या काढल्या आणि त्यांच्या लांब पट्ट्या फाडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूच्या काठ्यांना त्या पट्ट्या बांधून मैदानावर ठिकठिकाणी रोवल्या. एक कमरेएवढी, एक डोक्याएवढी, एक हात उंच करून जितकी जाईल तितकी. एकाच जागी तीन उंचीवर वारा तीन प्रकारे वाहत होता. खालची पट्टी डावीकडे, वरची उजवीकडे. मला हसूच आलं. वारा गेला नव्हता, वारा शिकला होता. मग मीही शिकायला लागले, आणि माझा वर्ग माझ्याबरोबर शिकायला लागला.

वर्गात आठ जणी होत्या. त्यातली रजनी वानखेडे तुम्हाला पुढे भेटणार आहे. मूळची वर्ध्याकडची, हिंजवडीत कंपनीत चांगल्या जागेवर, दोन मुलांची आई. पहिल्या दिवशी वाऱ्याने तिची टोपी नाल्यात गेली तेव्हा म्हणाली, "बापा! आमच्याकडे इतक्या वाऱ्यात गाई बांधून ठेवतात मॅडम, अन् आपण खेळून राहिलो." मी म्हटलं, "म्हणून तर आपण गाई नाही." ती जी हसली ती वर्ग सोडून गेलीच नाही.

पट्ट्या लागल्याच्या आठवड्यातच देवस्थळींचं बोलावणं आलं.

"बाई, मैदानावर हे काय आहे? मांडव घातलाय का कोणाच्या लग्नाचा?"

"वारा कळायला लावल्यात."

"सभासदांच्या तक्रारी आहेत. शोभा जाते."

"वर्ग झाला की काढते ना."

"काढाच. आणि दुसरं एक. कमिटीने ठरवलंय की आषाढातला वर्ग मैदानावर नको. हिंजवडीत आपण नवीन हॉल घेतलाय. पडदा आहे, एसी आहे. तिथे शिकवा."

तो हॉल मी जाऊन पाहून आले. कोणी म्हणू नये की बाईंनी न बघताच नाक मुरडलं. एका खोलीत भिंतभर पडदा, पडद्यावर परदेशातलं मैदान. आपण पडद्यावर चेंडू मारायचा आणि मशीन सांगतं तो कुठे गेला. बाजूला वाऱ्याचं बटण आहे. ते दाबलं की पडद्यावर एक बाण येतो आणि चेंडू तिरका जातो. माझ्या केसाची बटसुद्धा हलली नाही. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "एक उभा पंखा मिळेल का?" ती म्हणाली, "मॅडम, एसी चालू आहे ना?" तिचा काय दोष! मी आभार मानून परत आले आणि देवस्थळींना सांगितलं की आषाढाचा वर्ग माळावरच होईल.

ते म्हणाले, "कमिटीचं मत असं आहे, की वाऱ्यात चांगलं खेळता येतं हा आपला समज आहे. शिकवणं सोपं असतं बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण शेवटची स्पर्धा कधी खेळलात?"

खांदा आखडल्यापासून मी स्पर्धा खेळले नव्हते. माझा उजवा हात पूर्ण वर जात नाही, आणि ते त्यांना माहीत होतं.

"आषाढातली स्पर्धा पुढच्या रविवारी आहे," ते म्हणाले. "आपण स्वतः उतरा. पहिल्या तिघांत आलात तर वर्ग मैदानावर. पट्ट्यांसकट. मी स्वतः कमिटीकडून मंजूर करून घेईन. नाहीतर हॉल."

"लेखी नको," मी म्हटलं. "तुमचा शब्द पुरे."

खांद्याचं म्हणाल तर तो पाऊण वर जातो, आणि वाऱ्यात पाऊणच लागतो. हे देवस्थळींच्या लक्षात आलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी वारा असा की क्लबहाउसचं दार उघडं राहीना. रजनी माझी बॅग उचलायला आली, सकाळीच, डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन. आमच्या गटात तिघं होतो. मी, देवस्थळी स्वतः, आणि अनीश नावाचा एक तिशीतला मुलगा. तो त्या हॉलमध्येच शिकलेला, पडद्यावरचा चँपियन. उंच, हसरा, आणि चेंडू असा मारतो की आवाजानेच कळावं. आमच्या खेळात प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे काही फटके माफ असतात, त्यामुळे म्हातारी बाई आणि तरणाताठा मुलगा एका यादीत येऊ शकतात. मला माफी बऱ्यापैकी होती, त्याला कमी.

पहिल्या होलवर वारा समोरून. अनीशने मोठी काठी काढली आणि जीव तोडून मारली. चेंडू सुरेख वर गेला, अजून वर गेला, आणि मग आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे वळल्यासारखा होऊन नाल्याच्या अलीकडे पडला. तो बघतच राहिला. "What the... मॅडम, हे काय झालं? हॉलमधल्या रेंजवर तर माझा शॉट परफेक्ट असतो!"

मी पाच नंबर घेतला, दोन बोटं खाली धरला, आणि मारला. चेंडू गवताच्या जरा वरून गेला, बघायला काही विशेष नाही, पण जिथे हवा तिथे जाऊन बसला.

"मॅडम, तुम्ही कुठल्या नंबरचा क्लब घेतला? बॉल कुठे ठेवला होता?"

"स्पर्धेत दुसऱ्याला सल्ला देता येत नाही. दंड लागतो," मी म्हटलं. "पण बघायला बंदी नाही."

त्याला राग आला नाही. तो बघायला लागला. मी काठी कशी धरते, पाय कुठे ठेवते, कुठे थांबते. तिसऱ्या होलपर्यंत त्याने पहिला खालून जाणारा फटका मारला. वेडावाकडा होता, पण खालून गेला. रजनी माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, हा तर फुकटात शिकून राहिला." मी म्हटलं, "शिकू दे." मला बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. इतकं लक्ष देऊन बघणारा विद्यार्थी वर्षातून एखादा मिळतो.

पाचव्या होलवर ओढणीचं प्रकरण झालं.

मी सलवार-कमीज घालून खेळते, निळी ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेशी बांधते. पाचव्यावर वारा इमारतींच्या फटीतून आला आणि ओढणीचं टोक सुटून माझ्या तोंडावर आलं. मी ते हाताने धरून बाजूला केलं. मागून देवस्थळींचा आवाज.

"बाई, एक मिनिट. हे नियमात बसत नाही."

"काय?"

"ओढणी. आपण ती वाऱ्यात धरलीत. वाऱ्याची दिशा बघायला रुमाल, फीत, पावडर असली कुठलीही वस्तू वापरायला बंदी आहे. गवत उडवून बघा, चालतं. ओढणी नाही."

हा नियम आहे, खरंच आहे. मीच वर्गात शिकवते. पट्ट्या शिकताना चालतात, स्पर्धेत नाहीत. पण माझी ओढणी तोंडावर आली होती हो! मी रागाने अशी तापले की वारा असूनही कानशिलं गरम झाली.

"देवस्थळी," मी म्हटलं, "मघापासून तुमच्या पँटचे पाय शिडासारखे फडफडताहेत. त्यांच्याकडे मीही बघतेय, अनीशही बघतोय. ती काढायला सांगू का?"

रजनी तोंडावर हात धरून मागे वळली. अनीशने आभाळाकडे बघितलं. देवस्थळींनी पँटकडे नजर टाकली आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "पँट अंगात घातलेली आहे."

"ओढणीही अंगातच आहे. तरीपण तुमचं समाधान व्हावं म्हणून घ्या." मी ओढणी काढली, घडी घातली आणि रजनीच्या हातात दिली. "आता मी वारा कशाने बघते ते शोधून काढा. तेही नियमात बसत नसेल तर सांगा."

मी डोळे मिटले आणि मान हळूहळू वळवली. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा आला की वारा बरोबर नाकासमोर असतो. हे मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, आता तुम्हाला सांगते. कान काढून ठेवायचा नियम अजून आलेला नाही. वारा उजवीकडून होता. मी उजवीकडे नेम धरला आणि वाऱ्याने चेंडू ग्रीनवर आणून ठेवला.

त्यानंतर मी जशी खेळले तशी तरुणपणीही खेळले नसेन. ओढणी नसल्यामुळे खांद्यांना थंडी वाजत होती, आणि प्रत्येक फटक्याबरोबर मला वाटत होतं, घ्या, हा घ्या. आठव्या होलनंतर पुढून निरोप आला. आमच्या आधीच्या सगळ्यांचे आकडे लागले होते. पहिले दोघं फार पुढे होते, देवस्थळी बरेच मागे. तिसरी जागा मी आणि अनीश यांच्यात होती, आणि मी एका फटक्याने पुढे होते. नवव्यावर, म्हणजे शेवटच्या होलवर, अनीशने मला गाठत आणलं, असल्या सुंदर, सरपटत्या फटक्याने, की मी टाळी वाजवली. त्याचा नववा संपला. आता माझा ग्रीनवरचा एक छोटा फटका राहिला होता. गेला तर तिसरी मी. चुकला तर बरोबरी, आणि बरोबरी झाल्यास वयाने लहान असणारा पुढे, असा आमच्या क्लबचा एक विचित्र जुना रिवाज आहे, त्यामुळे तिसरा अनीश.

चेंडू होलपासून दीड हातावर होता, जरा उतारावर. त्याला चिखल लागला होता. आम्ही अशा वेळी चेंडूच्या मागे नाणं ठेवतो, चेंडू उचलून पुसतो, परत त्याच जागी ठेवतो आणि नाणं उचलतो. मी तसंच केलं. नाणं खिशात टाकलं, दोन पावलं मागे सरले, कान लावला.

आणि इमारतींच्या फटीतून वारा आला.

चेंडू हलला. आधी जरासा, मग उतार पकडून, सावकाश, कोणी बोट धरून नेत असल्यासारखा होलच्या काठापर्यंत गेला, एक क्षण थांबला, आणि आत पडला. त्याचा टण्ण असा आवाज आला.

"गेला नं मॅडम!" रजनीने ओढणी हवेत उडवली. "गेला नं आत! जिंकलो नं आपण!"

नियम असा आहे. वाऱ्याने चेंडू हलवला तर तो जिथे गेला तिथे गेला, होलमध्ये गेला तर गेलाच. पण ग्रीनवर तुम्ही तो एकदा उचलून परत ठेवला असेल, तर तो वाऱ्याने नेला तरी परत आणून जागेवर ठेवायचा. उचलला नसता तर मी जिंकले होते. चिखल तसाच राहू दिला असता तर.

देवस्थळी झेंडा धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोंगराकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "बाई, आपण चेंडू उचलला होता का? माझं... माझं तिकडे लक्ष नव्हतं."

त्यांचं लक्ष होतं. त्या माणसाचं लक्ष नसतं असं कधीच होत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकून उभे होते, माझ्यासाठी, आणि ते त्यांना किती अवघड जात होतं हे त्यांच्या कानांवरून दिसत होतं.

"माझं होतं," मी म्हटलं.

वाऱ्याशी मी इतकी वर्षं भांडले ती त्याचे उपकार घ्यायला नाही. होलमध्ये हात घातला, चेंडू काढला, जागेवर आणून ठेवला. पाय फाकले, गुडघे वाकवले, आणि फटका मारला. चेंडू होलच्या काठाला लागून उजवीकडे वळला. चुकला.

मला रडू आलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असं सांगता आलं असतं, पण तसं नव्हतं. दीड हातावरचा फटका होता आणि तो मी चुकवला होता, आणि त्याबरोबर आठ जणींचा माळ गेला.

बक्षिसं देताना अनीश तिसरा कप घेऊन माइकवर गेला. म्हणाला, "थँक्यू, पण एक गोष्ट क्लिअर करतो. पहिल्या होलवर मला काहीच येत नव्हतं. हे सगळं मी आज मॅडमना बघून शिकलो. So technically हा त्यांच्या वर्गाचाच कप आहे." टाळ्या झाल्या. मी कमिटीच्या टेबलाकडे बघितलं. देवस्थळी उठले, बाजूच्या दोघांशी कुजबुजले, परत बसले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मी सांगून पाहिलं. ते म्हणतात, त्या मुलाचं नाव आपल्या वर्गात नाही."

"तुमची पैज मी हरले," मी म्हटलं. "शब्द म्हणजे शब्द. हॉलमध्ये मात्र मी येणार नाही."

"मग वर्ग?"

"वर्ग माझा आहे. मैदान तुमचं होतं."

आमच्या वर्गातल्या एकीच्या सासऱ्यांचं सिंहगडाच्या बाजूला पड शेत आहे. आम्ही सगळ्या जाऊन भेटलो. म्हातारबाबा बाजेवर बसले होते. त्यांनी काठ्या हातात घेऊन बघितल्या, चेंडू दाबून बघितला. "खेळा की," म्हणाले. "वारं लई हाय पर हितं. बाया-माणसांना झेपल का?"

"त्यासाठीच आलोय, बाबा."

"मंग खेळा. फकस्त माज्या शेळ्यांना लागलं नाय पायजे."

अजून एकाही शेळीला लागलेलं नाही. तिथे ग्रीन नाही, जमीन सपाट करून आम्ही एक तुकडा बनवला आहे. झेंडा म्हणून घमेल्यात रोवलेला बांबू आहे. रविवारी हिंजवडीहून अनीश येतो, आणि येताना हॉलमधले दोघं-तिघं घेऊन येतो. पहिल्या दिवशी सगळे जोरात मारतात. सगळ्यांचा चेंडू आभाळात चढून त्यांच्याच पायाशी पडतो. मग मी म्हणते, आता बसा, आणि आधी वारा ऐका.

या वर्षी आषाढ लागायच्या आधी देवस्थळींचा फोन आला. मी तेव्हा जमिनीवर मांडी घालून बसले होते, हातात कात्री होती.

"बाई, कमिटी म्हणतेय, झालं गेलं विसरून जाऊ. आपण परत यावं. आषाढ सोडून बाकीचे महिने मैदानावर शिकवा."

"आषाढ सोडून कोणालाही शिकवता येतं," मी म्हटलं.

ते म्हणाले, "आपण काय करताय आत्ता? कसला आवाज येतोय?"

"पट्ट्या कापतेय. यंदा जुन्या पट्ट्या पुरणार नाहीत, विद्यार्थी वाढलेत."

"जुनी साडी का?"

"नाही," मी म्हटलं. "ती निळी ओढणी."